एकशे ऐंशीचा उंबरठा

कुटाइसीत फेब्रुवारी. रिओनीवरचं धुकं खिडकीला टेकलेलं.
हीटर एकच, आणि तो अंझोरच्या पायांशी,
कारण गुडघे त्याचे, आणि प्रयोगशाळाही त्याचीच.

त्सियाला पडद्यावर खटका बसवते.
व्होल्टेज एकशे ऐंशीखाली गेलं की सुट,
वर आलं की जुळ.
एका ओळीचं काम.
तारेच्या त्या टोकाला डोंगरातला दवाखाना,
दवाखान्यात फ्रिज, फ्रिजमध्ये गोवराच्या लशी,
आणि नर्स म्झिया, जी दर सोमवारी फोन करून
एवढंच विचारते: पेटी झाली का?

त्सियाला 'चालव' दाबते.
दोन सेकंद बरी जातात, मग काळ अडकतो.
तार लांब, तार अशक्त;
फ्रिज ओढ घेतो, दाब पडतो, खटका सुटतो.
ओझं उतरलं म्हणून दाब चढतो, खटका जुळतो.
जुळला म्हणून पडतो. पडला म्हणून
तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात,
काळाचं पाऊल इतकं बारीक होत जातं
की प्रोग्रॅमच हात टेकतो.

अंझोर चष्मा कपाळावर सरकवतो.
"जुळल्यावर अडथळा किती लिहिलास?"
"शून्य."
"शून्य कुठे पाहिलंस तू?
एक मिलिओहम लिही. आणि सुटल्यावर अनंत नको,
दहा लाख पुरे. बंद दारातूनही थोडं झिरपतंच."

ती लिहिते. तरी तळ्यात, मळ्यात.

"आता उंबरठा फोड," तो म्हणतो, "दोन कर.
जायचा एकशे ऐंशीवर. यायचा दोनशे पाचवर."
प्रोग्रॅमला हे असं सांगून चालत नाही,
त्याला मधला आकडा लागतो आणि दोन्हीकडची निम्मी रुंदी:
एकशे साडेब्याण्णव; साडेबारा.
"आणि मधल्या पट्ट्यात?"
"मधे तो आधी होता तसाच राहतो.
मधे त्याच्याकडे फक्त आठवण असते."

मग उगाच, स्क्रूड्रायव्हर पुसत:
"लामारा गेली ती अंधाराच्या हिवाळ्यात. दिवसाला तासभर वीज.
एवढ्याशा बोलण्यावरून गेली. इस्त्रीवरून.
मला वाटलं, तेवढ्याच बोलण्यानं येईल."
तो थांबतो. पायानं हीटर
त्सियालाच्या खुर्चीकडे ढकलतो, अर्धी फरशी.

या खेपेला काळ शेवटपर्यंत धावतो.
दाबाची रेघ खाली येते, थरथरते, वर जाते, पुन्हा थरथरते.
खटक्याची रेघ एकदाच पायरी उतरते
आणि बऱ्याच वेळानं एकदाच चढते.
मधे चार मिनिटं नुसतं थांबणं.
ती त्या सपाट भागावर बोट ठेवते.

तेवढ्यात खरी ट्यूब मंदावते,
हीटरची लाल तार तपकिरी होते.
दोघं भिंतीवरच्या मीटरकडे बघतात.
एकशे एक्याण्णव.
"सोमवारी म्झियाला काय सांगू?"
अंझोर मीटरवरून नजर काढत नाही.
"थांब," तो म्हणतो. "अजून मधेच आहे."