दोन शतांश

अमोलिक मास्तर गेल्यावर
बास क्लॅरिनेट माझ्याकडे आलं,
कारण शरणपूरच्या कंपाउंडात
ते गुडघ्यांत धरून बसेल एवढी उंच
दुसरी कुणी नव्हती.

वाद्य बरं आहे. गाद्या बदलल्या,
दोन स्प्रिंगा वाकवून बसवल्या.
भानगड माउथपीसची.
मास्तरांच्या दातांनी त्यावर दोन खाचा पाडल्यात,
बत्तीस वर्षांच्या.
माझा एक दात खाचेत बसतो,
दुसरा काठावर चढून राहतो,
दुसऱ्याच्या चपला घालून घरी आल्यासारखं.
खालच्या सुरांतून वर चढताना तो हमखास किंचाळतो
आणि प्रार्थनेला डोळे मिटलेली माणसं
एकेक डोळा उघडतात.

म्हणून एक कोलकात्याहून मागवला,
सहा हजार आठशे. घरी साडेतीन सांगितले.
आणि एक सापडला देवळाली कॅम्पात, भंगाराच्या टोपलीत,
बिगुलाचं तोंड, दाराच्या मुठी, चमचे, यांच्या तळाशी.
नाव नाही, गाव नाही, हनुवटीला ओरखडा.
तो म्हणाला, हुक्क्याचं असतं ना हे?
मी म्हटलं, हो. शंभराला सुटला.

मी सातपूरला मापं तपासते,
व्हॉल्व्हच्या सीटा, दिवसाला चारशे.
शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर काच ठेवली,
पर्समधून फीलर गेज काढला
आणि तिघांनाही लायनीत उभं केलं.
मास्तरांचा: टोकाशी फट एक पॉइंट सत्तर, कडा झिजलेली.
कोलकात्याचा: दोन पॉइंट शून्य, डावी-उजवी सारखी,
डोळे मिटून सही करावी असा.
कॅम्पातला: एक पॉइंट नव्वद,
पण डावी बाजू दोन शतांश जास्त उतरलेली.
कंपनीत असता तर लाल स्टिकर.

वाजवून बघायचं कुठे? वरच्या मजल्यावर तान्हं बाळ.
भांडी बाजाराच्या मागे वडकेमामांकडे गेले.
पन्नास वर्षं तांबं ठोकून
मामांनी दोन्ही कान हातोडीला दिलेत.
म्हटलं, इथे तरी कुणाला त्रास नको.
पण त्यांनी एक हंडा उपडा घातला,
त्यावर पंजा टेकला, आणि ओरडले, हं!

सगळ्यात खालचा सूर. पत्ती तीच, श्वास तोच.
मास्तरांचा: "मुंग्या येतात नुसत्या."
कोलकात्याचा: "चोख आहे. तळहातात लागतो, टाचणीसारखा."
कॅम्पातला वाजवला
तेव्हा काहीच बोलले नाहीत.
घड्याळ काढून ठेवलं. बाही वर केली.
"पुन्हा."
मग म्हणाले, "हा कोपरापर्यंत येतोय."

मी पाटीवर लिहून दाखवलं: आवाज मोठा?
"मोठा तो दुसरा. हा..."
शब्द सापडेना, तेव्हा लाकडी मोगरी उचलून
जाड पत्र्यावर एकदाच टाकली, हलकेच.
मी लिहिलं: डावीकडे २ शतांश चूक आहे.
ते वाचून मामा इतके हसले की खोकला लागला.
"हा हंडा मोज," म्हणाले, "गोल आहे का बघ."
मोजला. नव्हता.

निघताना अजून एकदा, माझ्यासाठी.
श्वास संपला, मी पत्तीवरचं टोपण शोधायला लागले,
आणि त्यांचा हात अजून हंड्यावरच.
"थांब ना," ते ओरडले, "चाललंय अजून."

कोलकात्याचा परत करायची मुदत मंगळवार.
मास्तरांचा फडक्यात गुंडाळून पेटीतच ठेवलाय;
गुंडाळण्याआधी त्या खाचांवरून जीभ फिरवली,
हे कुणाला सांगायचं कारण नाही.

सोमवारी लायनीवर
दोन शतांशाच्या अकरा सीटा आल्या.
दहांना लाल स्टिकर लावलं.
अकरावी हातात जरा वेळ धरून ठेवली,
मग तिलाही लावलं.