पाव इंच

चाळीस वर्षं महालात,
बडकस चौकाच्या अलीकडच्या गल्लीत,
पँटी शिवल्या मी. फक्त पँटी.

कमर, सीट, मांडी, मोहरी.
आकडे मी ओरडायचो, पोऱ्या वहीत लिहायचा.
एक आकडा मात्र ओरडायचो नाही.
कोणाचं डावं खुब्याचं हाड पाव इंच वर,
कोणाचं उजवं अर्धा खाली.
ते खडूनं, कापडाच्या उलट्या अंगाला.
गिऱ्हाईक आरशात बघून म्हणे,
वा निखारेभाऊ, तोलून दिली.
वाकडं कोणी नव्हतंच आमच्या गल्लीत.

मग एका मे महिन्यात मशीनवरून उठलो
तो अर्धाच उठलो.
पायडल मारायच्याच आकारात
कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो.
बायको म्हणाली, खाली काय शोधून राहिले?
सुई पडली का?

मेडिकलच्या त्या खोलीत आरसा नाही.
सतरंजी, करकरणारा पंखा,
आणि हेडाऊंची पोरगी,
वय माझ्या कैचीपेक्षा कमी.
काका, गुडघे उभे करून निजा.
ओटीपोटावर घड्याळ ठेवलंय समजा.
बेंबीकडे बारा, खाली सहा.
बारावर झुका. आता सहावर या.
श्वास सोडा. तीन. नऊ.

माझ्यात नऊ वाजेचनात.
दात आवळले, मान ताठ केली,
तर म्हणते, ओढू नका काका.

ओढू नको.
हे तर दर नव्या पोऱ्याला मीच सांगायचो,
कापड ओढू नको बावा,
मशीनचे दाते नेतात त्याला,
तू नुसतं बोट ठेव.

आता रोज पहाटे गच्चीवर.
फरशी रात्रभराची गरम असते, बरं वाटतं.
लिंबाच्या दाण्याएवढं हलायचं,
वरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा झोपला आहे.
दीड महिन्यानं आठ वाजले.
नऊ अजून नाही.
पण परवा नळावर उभा होतो
तर दोन्ही पायांवर उभा होतो,
आणि माझ्याच पँटीची उजवी मोहरी
पाव इंच आखूड दिसली.
कधी केली होती, आठवत नाही.
उसवली.

आज ही आली वर, चहा ठेवला,
म्हणाली, सरका.
सतरंजीच्या उरलेल्या पट्टीवर निजली, गुडघे उभे करून.
बायकांचं कधी शिवलं नाही मी.
हिची कमर टेपात आलीच नाही कधी.

बारा, म्हटलं. सहा. हळू.
वरच्या तारेवर एक पोपट बसला, उडाला.
ती म्हणाली, मले सातावर दुखते.
कधीपासून?
पंकज झाला तेव्हापासनं.

पंकज छत्तीसचा आहे.

हात खिशात गेला, खडू शोधायला.
नव्हता.
मग म्हटलं, जोर नको लावू.
सहावर ये परत.
श्वास सोड.