बारा ते चारची पाळी

पूर्णगडच्या धक्क्यावर माझी पाळी बारा ते चार.
सागर रक्षक दलाचं ओळखपत्र, एक शिट्टी,
एक टॉर्च. सेल माझ्याच पैशाचे.
कस्टममध्ये एकतीस वर्षं शिपाई होतो.
मी रिटायर झालो म्हणून
समुद्र थोडाच रिटायर होतो?

मी जुन्या वळणाचा माणूस.
हे मीच सांगतो, लोकांनी म्हणायची वाट बघत नाही.
घरपट्टी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरतो.
टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं
की हातातला घास ताटात ठेवून उभा राहतो.
कुमुद म्हणते, अहो, आमटी निवते.
निवू दे.
बावन्न सेकंदांत निवते
ती आमटी मुळात गरम नव्हतीच.

टपरीवर कोणी सैन्याबद्दल वाकडं बोललं
तर अर्धा चहा टाकून उठतो,
पैसे मात्र पुरे देतो.
नऊ निवडणुका, एकच चिन्ह.
लेक म्हणते, बाबा, ते आता ते राहिले नाहीत.
मी म्हणतो, देऊळ गळतंय म्हणून
कोणी देव बदलतो का?

तर ही अवसेची गोष्ट.
दोन वाजून दहा मिनिटं.
मुचकुंदीच्या मुखाबाहेर उजेड उठला,
कंदिलाचा नव्हे,
आख्खं लग्नघर पाण्यावर उतरावं तसा पांढराफेक.
माझ्या मनात पहिलं नाव आलं ते पलीकडच्या देशाचं.
आलं. खोटं कशाला सांगू?
आणि दुसरी नजर गेली ती
शेजारी बसून सुपारी कातरणाऱ्या इब्राहिम सोलकरकडे.
बारा वर्षं हा माझ्या पाळीला आहे.
तरी गेली.
वहीत नाही, निदान इथे तिची नोंद असू दे.

इब्राहिमने वरसुद्धा बघितलं नाही.
म्हणाला, परका नाय तो.
जनरेटर आयका जरा. खोकतोय कसा.
'जयहिंद दोन' हाय.
तालुकाध्यक्षांची.

केबिनवर तिरंगा रंगवलेला,
गेल्या दिवाळीत मीच कौतुक केलं होतं त्याचं.
आणि खाली मोठमोठे दिवे सोडून
पाण्यातली पिल्लंसुद्धा उपसत होते,
बंदी असलेल्या जाळ्यात,
बंदी असलेल्या हद्दीत.
तांबोशी नाही, बांगडा नाही,
पुढच्या वर्षाचा समुद्रच ओढून नेत होते.

मी वही उघडली. शाळेची, दोनशेपानी.
वेळ लिहिली, दिशा लिहिली, नाव लिहिलं.
'जयहिंद' लिहिताना पेन थांबलं,
शाई संपली असं इब्राहिमला सांगितलं.
त्याने खिशातलं दुसरं पेन काढून दिलं.
मग ठाण्यात फोन.

सकाळी सात वाजता उलट फोन आला.
काका, तुम्ही तर आपले ना?
गोड आवाज, सभेत सूत्रसंचालन करणारा.
देशासाठी मोठमोठी कामं चाललीत,
दोन टोपल्या मासळीवरून कशाला...
मी म्हणालो, बाळा, देश कुठून सुरू होतो
ते मला कस्टमने शिकवलंय.
भरतीच्या रेषेपासून बारा सागरी मैल
तोही देशच.
तिथे चोरी करायला घोषणा पास म्हणून चालत नाही.
आणि आपले म्हणजे नक्की कोणाचे,
ते एकदा लिहून पाठव.

अजून पाठवलेलं नाही.
गावातले दोघे माझ्याशी बोलत नाहीत,
त्यातला एक माझा साडू.
उलट्या पक्षाचे लोक पेढे घेऊन आले होते,
त्यांनाही अंगणातूनच परत लावलं.
तुमचीही एक होडी आहे, म्हटलं, वही बघा,
पान एकोणचाळीस.

लेकीने मतदानाच्या दिवशी विचारलं,
काय बाबा, कोणाला?
गुप्त मतदान आहे, म्हणालो. कायदा आहे.
देव बदललेला नाही.
गळतं कुठे आहे ते मात्र लिहून ठेवलंय,
तारखेसकट,
खाली दोन सह्या.