डावीकडे, भिंतीमागे

बोट्सफ्योरला मी रात्रपाळीत कॉडचे काटे काढतो.
हातमोजे उतरवले तरी बोटांना वास राहतोच,
त्याच बोटांनी उघडतो
खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेलं ते मेसेंजर.

शेजारच्या खाटेवरच्या आर्विदासने बसवून दिलं.
म्हणाला, फोनवर पोरगं 'हं', 'बरं', 'ठेवतो'
एवढंच बोलतं ना?
इथे तेवढंही बोलावं लागत नाही.

खरंच लागत नाही.
नावापुढे आपोआप उमटतं:
डोमांतास. खेळतोय. रणगाडे. दोन तास चाळीस मिनिटं.

या एका ओळीवर मी हिवाळा काढला.
नोव्हेंबरात बुडालेला सूर्य
जानेवारी सरेपर्यंत वर येत नाही इथे,
ओळ मात्र यायची.

मंगळवार, सकाळचे अकरा: शाळा बुडवली.
रात्रीचे तीन: आईची दवाखान्यात पाळी, घरात एकटाच.
चार दिवस काहीच नाही:
ताप, नाहीतर विजेचं बिल, नाहीतर मुलगी.
मुलगी निघाली.
मग यादीत तीही आली,
कुठलंसं मांजर, पुढे नव्व्याण्णवचा आकडा.

घटस्फोटाच्या कागदावर लिहिलंय,
महिन्यातले दोन शनिवार.
ज्या बाईने तो टाइप केला
तिने नकाशा उघडला नव्हता.

मी काही लिहीत नसे.
जेवलास का, एवढं टाइप करायचो आणि पुसायचो.
इथला निरोप चालू खेळावरच उतरतो म्हणे,
कोपऱ्यात, करड्या बारीक अक्षरांत,
खेळ थांबवावा लागत नाही.
ज्याने हे रचलं तो कुणाचा तरी बाप असावा,
नाहीतर बापाशी न बोलणारा मुलगा.

फेब्रुवारीत रणगाडे मीही उतरवून घेतले.
पहिली लढाई त्रेचाळीस सेकंदांची.
मागे घेताना नदीत गेलो.
बायकोला नवल वाटलं नसतं,
तिने मला गाडी लावताना पाहिलंय.

आठवडाभर रोज मेलो.
पुलावर, गव्हात, एकदा आपल्याच माणसाच्या तोफेने.
लपून शिकतोय असं मला वाटत होतं.
कसलं लपून!
त्याच्या पडद्यावरही एक ओळ उमटत होती:
मासेवाला. खेळतोय. रणगाडे. एक मिनिट.
मासेवाला. खेळतोय. रणगाडे. दोन मिनिटं.
खिडकीला दोन बाजू असतात
हे मला पन्नाशीत कळावं!

त्या रात्री चर्चच्या अंगणात अडकलो होतो,
एक साखळी तुटलेली, गोल गोल फिरत.
कोपऱ्यात करडी अक्षरं आली.

डावीकडे. भिंतीमागे.

आधी कळलंच नाही कोण. मग हात थरथरले,
तरी वळलो.
गोळा वरून गेला.
आणखी साडेतीन मिनिटं जगलो,
माझ्यासाठी तो विक्रम होता.

मग:
कुणी शिकवलं तुला?
कुणी नाही.
दिसतंच आहे.

बराच वेळ काही नाही.
आर्विदास घोरत होता, बाहेर बर्फाचा ट्रॅक्टर.
मी उठून चहा केला, प्यायलो नाही.
परतलो तेव्हा एक ओळ थांबलेली होती:
शनिवारी दहाला ये. हेडफोन आण.
कारखान्यातला नको, त्यावर काही ऐकू येत नाही.

शनिवारी कान झाकून बसलो.
एवढ्या महिन्यांत त्याचा आवाज
घराच्या जिन्यासारखा खाली उतरला होता.
हवापाणी नाही, आई नाही, परत कधी येणार नाही.
फक्त, मासेवाला, पुलावर जाऊ नकोस,
मासेवाला, माझ्या मागे राहा,
इतक्यात मरू नकोस यार.

त्याच्यामागे, दूर स्वयंपाकघरात,
फ्रिज गुरगुरत होता.
चोवीस हप्त्यांवर घेतला होता मी तो.
शेवटचा हप्ता इथूनच भरला.