चिंचोके

ऐक रे हर्षल, पहिल्या दिवशी एवढंच ध्यानात ठेव.
इथे जो कमी मारतो तो मोठा.
बाकी चेंबुरात उलटं चालतं, ते फाटकाबाहेर ठेवून यायचं.

पार म्हणजे गावातला पिंपळाचा पार नव्हे.
या खड्ड्यात चेंडू किती फटक्यांत जावा
ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय, तो पार.
कुणी ठरवलं? मीही विचारलं होतं.
सेक्रेटरी हसला, म्हणाला, जमिनीने.

एक कमी तर बर्डी, दोन कमी तर ईगल.
तीन कमी म्हणजे अल्बाट्रॉस.
तो एकतीस वर्षांत पाहिला नाही,
ना फटका, ना पक्षी.
माहुलच्या चिखलात थंडीत हजारो रोहित उतरतात,
त्यांच्या नावाचा एकही आकडा नाही. असो.

एक जास्त झाला की बोगी.
मला वाटलेलं, रिफायनरीच्या सायडिंगवरची, तेलाची.
फार चुकलो नव्हतो,
एक लागली की मागोमाग दुसरी येतेच.
बर्डीच्या आकड्याला गोल करतात, बोगीला चौकोन.

हँडिकॅप म्हणजे साहेब किती कच्चा, त्याचा दाखला.
शेवटी तेवढे फटके वजा होतात.
माझ्या मेव्हण्याकडेही दाखला आहे,
पायाचा, सायन हॉस्पिटलचा, बेचाळीस टक्के.
त्याचं अजून कुणी काही वजा केलं नाही.

आणि या बारक्या चौकटी बघ.
फेअरवे लागला का, ग्रीनवर वेळेत पोचला का, पट किती.
साहेब सांगतील, माझा ड्रायव्हर बिघडलाय.
चौकटी सांगतील, साहेब, पट.
दोनशे यार्डांचा तो सणसणीत फटका
आणि खड्ड्याच्या तोंडाशी वीतभर ढकलणं,
दोघांची किंमत एकच.
हे कळायला मला सात वर्षं लागली,
काहींना क्लबात जन्म काढूनही कळत नाही.

दुबाश साहेबांची बॅग मी बावीस वर्षं वाहिली.
झाडामागे त्यांचा बूट चेंडूला लागायचा,
फुंकर मारावी इतकाच.
मी तेव्हा आभाळात घार बघायचो.
कार्डावर पाच.
माझ्या डाव्या खिशात चिंचोके असायचे,
एका फटक्याला एक, डावीकडून उजवीकडे.
उजवीकडे सात.
कुणाला दाखवायला नव्हे.
आई म्हणायची, मोजदाद आपली आपल्यापाशी असली
की गप्प बसणं जड जात नाही.

मग बाईसाहेब गेल्या.
दोन महिने बॅगेवर धूळ.
एका मंगळवारी ते आले, दाढी नीट केलेली, हात थरथरत.
सहाव्या खड्ड्याला चेंडू वाळूत.
मारला, तर परत पायाशी.
पुन्हा पायाशी. पुन्हा.
बूट मात्र जागचा हलला नाही.
मी घार शोधत होतो, नेमकी त्या दिवशी एक नव्हती.

शेवटचा पट पडला.
पेन्सिल काढून विचारलं, "केरबा, किती?"
म्हटलं, साहेब, तुम्ही लिहाल ते.
"नाय रे. तुझ्या खिशात बघून बोल."

म्हणजे माहीत होतं.
बावीस वर्षं माहीत होतं.

मी उजवा खिसा त्यांच्या तळव्यावर रिकामा केला.
एकेक मोजला त्यांनी.
एक गवतात पडला,
मी वाकायच्या आत गुडघ्यावर हात टेकून त्यांनीच उचलला.
अकरा.
चौकटीत मावेना तरी अकरा लिहिलं
आणि भोवती गोल केला.
गोल चुकीचा होता, हर्षल.
मी सांगितलं नाही.

चल, बॅग उचल.
त्या खांद्यावर नको, पट्टा खिशावर येतो.
खिसा मोकळा हवा.