बोक्ता

साम्छन्पोच्या बंदरामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
युन्हुईचं केस करायचं दुकान.
सकाळी नवापासून पाच म्हाताऱ्या ओळीनं,
डोक्यावर गुलाबी रोलर, वर प्लास्टिकच्या टोप्या,
औषधाचा वास नाकाला झोंबणारा.
माल्सुन आजी म्हणते, घट्ट बोक्क गं,
चुसॉकच्या सणापर्यंत टिकले पाहिजेत.

बोक्ता.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बोका आठवला.
मग कळलं, हे क्रियापद कढईतलं:
सुकी मांदेली, सोया सॉस, चमचाभर काकवी,
आणि हात थांबवायचा नाही.
केसांचंही तेच. आच लागली की आखडतात,
विरळ डोकं भरल्यासारखं दिसतं.

"आणि सून काय म्हणते?"
"रोज फोन. गोळी घेतली का, दार लावलं का.
बोक्ते मला नुसती, दाल्‌दाल्, दाल्‌दाल्."
डाळ नव्हे ती. कालथा न थांबल्याचा आवाज.

नव्या जोडप्याच्या घरात म्हणे तीळ बोक्तात,
वास जिन्यापर्यंत येतो.
युन्हुई कंगवा थांबवून विचारते,
"तुमच्याकडे किती दिवस तीळ, आजी?"
"अकरा. बाराव्या दिवशी सासू आली."
पाची टोप्या हलतात.

पुढची चौपन्न वर्षं
त्याच्याशी, त्याच्या दारूशी, त्याच्या घुम्या रागाशी
तळत-बोक्त काढली.
इथे असंच म्हणतात,
आणि म्हणताना तोंड वाकडं करत नाहीत.

फक्त केस धुताना, मान मागे, डोळे मिटून,
कुणी विचारलं नसताना ती म्हणाली,
सोयाबीन मी घरात भाजत नाही.
सहा वर्षांची होते. डोंगराच्या अंगाला
रात्रभर कुणीतरी सोयाबीन बोक्त होतं,
तडतड, मध्येच थांबून पुन्हा तडतड.
आई म्हणाली, झोप, शेजारी भाजतायत.
सकाळी शेजारी नव्हते.

पाणी वाहत राहिलं.

नंतर, खुर्चीत, तिचे केस वाळत असताना
काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं:
कढईतल्या या कामाला माझ्या भाषेत परतणं म्हणतात.
आणि घरी येण्यालाही परतणंच.

आरशातून ती माझ्याकडे बघत राहिली.
"शब्द कमी पडले का तुमच्याकडे?"
असं म्हणून तिनं नव्या कुरळ्यांना हात लावून पाहिला,
अजून गरम होते.
मग पैसे मोजून, ओढणीसारखा रुमाल डोक्याला बांधून
कढई गॅसवर ठेवून आल्यासारखी
लगबगीनं निघाली.