बॉयलर

किडरमिन्स्टरला गालिचे विणणं बंद झालं
त्यानंतर अकरा वर्षांनी आम्ही तिथे शिरलो.
गोदामाचा मागचा भाग, महिना ऐंशी पौंड,
वीज वेगळी.
भिंतींवर न खपलेले नमुने ठोकले,
लाल पानांचे, हॉटेलच्या जिन्यावर असतात तसले.
आवाज त्यांत असा बुडायचा
जसं कुणी बोलता बोलता
उशीत तोंड खुपसावं.

हॉवेल म्हणाला, छान, अगदी कोरडा.
टॅम्सिन म्हणाली, कोरडा आणि मेलेला यांत फरक असतो.
मी ड्रमचे स्क्रू आवळत राहिलो.
चौघांत एकानं तरी
ठेका धरायचा असतो, बाजू नाही.

फेब्रुवारीच्या सहा रात्री मिळाल्या.
दिवसा हॉवेल शाळेची बस चालवायचा,
डेर्व्हला दाताच्या डॉक्टरकडे फोन उचलायची,
रात्रीसुद्धा तिचं पहिलं वाक्य यायचं
"जरा थांबता का, प्लीज?"
आणि आम्ही खरंच थांबायचो.
थंडी इतकी
की कडवं संपेस्तोवर तारा उतरायच्या.
म्हणून बॉयलर चालू ठेवला.
म्हणून चौथ्या गाण्यात,
शेवटच्या ओळीआधी टॅम्सिन श्वास घेते ना,
तिथे टक्.
मग फुस्स.
मग जरा उशिरानं, जणू आठवल्यासारखं, टक्.

पुन्हा घेऊ, मी म्हणालो.
टॅम्सिननं हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली.
"तसला श्वास एकच होता माझ्याकडे."
तिचे वडील जाऊन नऊ दिवस झाले होते.
हे आम्हाला एप्रिलमध्ये कळलं,
तेही हॉवेलच्या आईकडून.

तीनशे प्रती. कव्हरं आम्हीच चिकटवली,
पहिल्या चाळीस उलट्या.
कॅनॉलकाठच्या पबमध्ये तेवीस माणसं आली,
त्यांत सात हॉवेलची चुलत भावंडं,
आणि एक म्हातारा, जो रोजच तिथे बसायचा
आणि त्या दिवशी खुर्ची फिरवून बसला,
आमच्याकडे की आमच्यापासून लांब, कळलं नाही.

बर्मिंगहॅमच्या एका फुकट साप्ताहिकात सहा ओळी छापून आल्या.
गाणी सुबक, म्हणे. तेवढीच.
पण चौथ्या गाण्यातला ड्रमर!
धातूवरचा तो हळुवार स्पर्श,
दुसऱ्या ठोक्याला मुद्दाम केलेला उशीर,
असा संयम हल्ली दुर्मीळ आहे.

हॉवेल हसता हसता जमिनीवर बसला.
डेर्व्हलानं कात्रण फ्रिजवर लावलं.
मी घरी जाऊन ते तीनदा वाचलं.
खुलासा कुणीच पाठवला नाही,
मी तर नाहीच.

मग जिथे वाजवू तिथे लोक थांबायचे
चौथ्या गाण्यासाठी.
मी चमचा वापरून पाहिला, कुलूप,
इस्त्रीचा तळ, सायकलची घंटी काढून तिचं झाकण.
लोक मान डोलवायचे, सौजन्यानं.
टॅम्सिन माझ्याकडे बघायची नाही.
बघितलं असतं तर श्वास चुकला असता.

बँड मोडला तो या कारणानं नव्हे.
खरं तर कुठल्याच कारणानं नव्हे.
डेर्व्हला लीड्सला गेली,
हॉवेलला जुळ्या मुली झाल्या,
आणि एका गुरुवारी कुणीच
कुणाला विचारलं नाही, किती वाजता?

गोदामाचे आता फ्लॅट झालेत.
परवा डंडीहून एका मुलीचं पत्र आलं,
तिला ती प्रत जुन्या सामानाच्या दुकानात
दोन पौंडांना मिळाली, कव्हर उलटं.
ती ड्रम शिकतेय.
चौथ्या गाण्यातला तो आवाज
कसा काढायचा, विचारते.

लिहायला बसलो.
आधी लिहिलं: फेब्रुवारी असावा लागतो.
ते खोडलं.
लिहिलं, त्या वेळी मी काठ्या खाली ठेवून
दोन्ही हात काखेत घालून बसलो होतो.
खोलीत दुसरं कुणीतरी वाजवत होतं.
मग खाली, घाईनं,
कव्हरं उलटी चिकटवल्याबद्दल माफी,
आणि विचारलं,
तुमच्याकडे घर गरम कशानं करतात?